गाठीतली गर्दी आणि परळची प्रयोगशाळा

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. भोवती कापडगिरण्यांची धुराडी आणि चाळी. त्या चाळींत मालवण, वेंगुर्ले, देवगड, सावंतवाडीकडून आलेली माणसं दाटीवाटीनं राहत. बोटीनं मुंबई गाठायची, गिरणीत चिकटायचं आणि गणपतीला गावी जायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या शेजारी उभी राहिलेली ही सात मजली इमारत पुढे कोकणातल्या घराघरांत नुसत्या ‘टाटा’ या नावानं ओळखली जाणार होती.

इमारतीमागे एका घरातलं दुःख होतं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्या १९३२ सालीच दोन न्यास उभे राहिले. मेहरबाईंच्या नावाचा न्यास जगभरच्या रक्तकर्करोगाच्या संशोधनाला पैसा देऊ लागला, तर दोराबजींच्या न्यासानं परळचं रुग्णालय बांधलं.

ल्युकेमिया आणि लिम्फोमा हे दोन्ही पांढऱ्या पेशींचे कर्करोग. पहिला मुख्यतः रक्तात आणि अस्थिमज्जेत दिसतो, दुसरा मान, काख, जांघ, पोट इथल्या लसिकाग्रंथींत गाठ होऊन बसतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या या पेशी एकाएकी बेसुमार का वाढू लागतात? वाढण्याचा हुकूम त्यांना देतं तरी कोण? रुग्णालय उघडलं तेव्हा परळलाच काय, जगात कुणालाच याचं उत्तर ठाऊक नव्हतं. आज ते बऱ्याच अंशी हाती आलं आहे, आणि ते थोडं चमत्कारिक आहे. हुकूम बहुतेक वेळा आपलीच प्रतिकारयंत्रणा देते. कर्करोगाची पेशी फक्त त्या हुकुमांचा ताबा घेते.

गंडमाळ की आणखी काही?

कोकणात ‘मानेक गाठ इली’ म्हटलं की घरच्यांच्या मनात पहिला येणारा आजार म्हणजे क्षय. मानेतल्या क्षयाच्या गाठींना आपल्याकडे पूर्वापार गंडमाळ म्हणतात. लिम्फोमाची गाठही बहुधा दुखत नाही, तीही हळूहळू वाढते, तिच्याही जोडीला ताप, रात्रीचा घाम आणि वजनातली घट असते. त्यामुळे लिम्फोमाच्या रुग्णाला आधी क्षयाची औषधं देऊन पाहण्याचे प्रकार आपल्या देशात आजही घडतात. हा घोळ मात्र फक्त आपला नाही. तो या रोगाइतकाच जुना आहे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसिकाग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांची हकिगत एका निबंधात मांडली. या गाठी नेहमीच्या दाहातून आलेल्या नसाव्यात, एवढंच त्यांनी नेमकं ओळखलं. निबंध विस्मरणात गेला. सॅम्युएल विल्क्स यांनी १८६५ मध्ये त्याची दखल घेऊन रोगाला हॉजकिन यांचं नाव दिलं. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी अशा गाठींतल्या मोठाल्या पेशींचं तपशीलवार वर्णन केलं, पण रोगाचं नातं त्यांनी क्षयाशीच जोडलं. १९०२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या तरुण डॉक्टर डोरोथी रीड यांनी ते नातं खोडून काढलं. हा क्षय नव्हे, हा वेगळा रोग आहे, असं त्यांनी स्लाइडच्या आधारे दाखवलं. तेव्हापासून त्या मोठ्या पेशींना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात.

हॉजकिनच्या गाठीची अशी स्लाइड पाहताना नवशिक्याची हमखास फसगत होते. कर्करोग म्हणजे विकृत पेशींचा गच्च ढीग, अशी त्याची समजूत असते. इथे दिसतात त्या साध्यासुध्या लहान लिम्फोसाइट पेशी, मधूनमधून लालसर दाणे भरलेल्या इओसिनोफिल, काही प्लाझ्मा पेशी आणि तंतूंच्या पट्ट्या. सगळं कुठल्याही सुजलेल्या गाठीसारखं. भिंगाखाली स्लाइड सरकवत राहिल्यावर कुठेतरी एक मोठी पेशी सापडते. तिच्यात समोरासमोर दोन केंद्रकं आणि प्रत्येकात एक ठळक गुलाबी ठिपका. रोग तिचा आहे. गाठीत अशा पेशींचं प्रमाण बहुधा शंभरात एखाददुसरी इतकंच. बाकीची सगळी गर्दी निरोगी पेशींची.

मग ही गर्दी तिथे करते काय? कर्करोगाशी लढायला आलेल्या या पेशी आहेत, असं कित्येक दशकं मानलं गेलं. रीड यांच्या निबंधानंतर जवळजवळ शतकभर हा प्रश्न स्लाइडवर समोर दिसत होता, पण तो सोडवायची साधनं हाताशी नव्हती.

खानोलकरांची नजर

टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवली आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व जी. एस. मेडिकल कॉलेजात अध्यापन केलं. त्यांच्या आडनावातलं खानोली वेंगुर्ले तालुक्यात आहे. आपल्या किनाऱ्याला या इतिहासात मानाचं पान मिळालं ते असं.

खानोलकरांचा स्वभाव गाठीपाशी थांबण्याचा नव्हता. गाठ कोणाला झाली, तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याची ते चौकशी करत. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी मिळून लिहिलेला निबंध चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर होता. धोतर घट्ट आवळून कमरेला सतत घासल्यानं होणारा त्वचेचा कर्करोग त्यात नोंदला आहे. पेशी आपणहून बिघडत नाही, तिला सतत काहीतरी डिवचत असतं, हा विचार त्या निबंधाच्या मुळाशी होता. खानोलकरांनी तो त्वचेबाबत आणि तोंडाबाबत मांडला. लसिकाग्रंथींच्या बाबतीत तो खरा ठरायला आणखी चार-पाच दशकं जावी लागली.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या होत्या. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे शरीरातल्या पेशी काचेच्या भांड्यात जगवण्याचं तंत्र शिकून घेतलं. गाय म्हणजे ‘हेला’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मानवी पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर वाढवणारे संशोधक. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

लिम्फोमाच्या कथेत हे तंत्र मोलाचं ठरलं, कारण लिम्फोसाइट पेशी भांड्यात जगतच नसत. साखर, क्षार, रक्तद्रव सगळं पुरवलं तरी थोड्या दिवसांत त्या मरून जात. त्यांना अन्नाखेरीज आणखी काहीतरी लागत होतं. ते काय, हे शोधण्याचं काम १९६० च्या दशकात जगात अनेक ठिकाणी सुरू झालं.

भांड्यातला द्रव

पहिला धागा राजम्यानं दिला. फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवलं की राजम्यापासून काढलेलं एक प्रथिन रक्तात मिसळलं की शांत बसलेले लिम्फोसाइट अचानक विभागू लागतात. या पेशींना फक्त इशाऱ्याची गरज असते, हे त्यातून कळलं. पुढे १९६५ मध्ये कॅनडातल्या दोन गटांना असं आढळलं की दोन माणसांचे लिम्फोसाइट एकत्र ठेवले की भोवतालच्या द्रवात काहीतरी उतरतं, आणि पेशी काढून नुसता तो द्रव दुसऱ्या भांड्यात घातला तरी तिथल्या पेशी वाढू लागतात. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, याचा हा पुरावा होता.

१९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत डोरिस मॉर्गन आणि फ्रान्सिस रुसेटी ल्युकेमियाच्या पेशी वाढवण्यासाठी असाच द्रव वापरत होते. त्यांच्या भांड्यात मात्र निरोगी टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटांचा एक प्रकार, भरभरून वाढल्या. त्या निरोपाच्या रेणूला पुढे इंटरल्यूकिन-२ असं नाव मिळालं. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन इथे भरलेल्या परिषदेत हे नाव ठरलं. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या द्रवाला आपापलं नाव देत होती आणि एकच रेणू दहा नावांनी वावरत होता. या साऱ्या निरोप्यांना मिळून सायटोकाईन म्हणतात.

त्यांचं काम आपल्या किनाऱ्यावरच्या रापणीवरून चटकन समजतं. मासळीचा थवा दिसला की हाक पडते, वाडीतली माणसं धावत येतात, जाळ्याची दोन्ही टोकं धरून ओढतात, वाटा घेतात आणि पांगतात. हाक थांबली की गर्दी ओसरते. घशात जंतू शिरल्यावर मानेतली गाठ सुजते आणि आठवड्यात बसते, तेही असंच. निरोप सुटतो, पेशी वाढतात, काम उरकतं, निरोप थांबतो आणि जादा पेशी मरतात. लिम्फोमात मासळी नसतानाच हाक चालू राहते.

आपणच हाक, आपणच ओ

हाक चालू कशी राहते, याचा पहिला ठळक नमुना आफ्रिकेतून आला. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदानं १९५७ मध्ये जबडा सुजलेली मुलं पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर निबंध लिहिला. २२ मार्च १९६१ रोजी लंडनमधल्या त्यांच्या व्याख्यानाला अँथनी एपस्टाइन येऊन बसले होते. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांनी त्या गाठींच्या पेशींत एक नवा विषाणू शोधून काढला. हा एपस्टाइन-बार विषाणू बी पेशीत, म्हणजे लिम्फोसाइटांच्या दुसऱ्या प्रकारात, शिरला की ती भांड्यात न थकता वाढत राहते, हे १९६० च्या दशकाअखेर सिद्ध झालं. त्यामागची युक्ती कळायला १९९० चं दशक उजाडलं. विषाणूचं एक प्रथिन बी पेशीच्या आवरणात बसतं आणि टी पेशीकडून ‘वाढ’ असा निरोप आल्याचं सतत भासवतं. निरोप आलेलाच नसतो. पेशीला मात्र तो अखंड ऐकू येतो.

दुसरा नमुना जपानमधला. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांनी १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चं जनुक वेगळं केलं. बी पेशींना प्रतिपिंड बनवायला लावणारा हा निरोप. दोनच वर्षांत त्यांच्या गटानं दाखवलं की मायलोमा या कर्करोगाच्या पेशी हा निरोप स्वतःच तयार करतात आणि स्वतःच तो ऐकून वाढतात. पेशी आपल्याच निरोपावर वाढू शकते, हा तर्क १९८० मध्ये स्पॉर्न आणि टोडारो यांनी मांडला होता. त्याला आता रुग्णाच्या पेशींतून पुरावा मिळाला. १९८९ मध्ये कॅसलमन या लसिकाग्रंथींच्या आजारात सुजलेल्या गाठीतूनच इंटरल्यूकिन-६ पाझरत असल्याचं दिसलं.

मग पाळी आली हॉजकिनच्या जुन्या कोड्याची. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत राल्फ क्युपर्स आणि क्लाउस रायेव्हस्की यांच्या गटानं रीड-स्टर्नबर्ग पेशी मुळात बी पेशीच असल्याचं सिद्ध केलं. १९९९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांना दिसलं की या पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात आणि स्वतःच त्यावर वाढतात. तो निरोप अडवला की त्यांची वाढ खुंटते. याच पेशी आणखीही निरोप सोडतात. त्यांतले काही टी पेशींना खेचून आणतात, काही इओसिनोफिलांना. आलेल्या पेशी उलट असे निरोप देतात की त्यांवर रीड-स्टर्नबर्ग पेशी जगते. जोडीला ही पेशी मारेकरी टी पेशींना ‘थांबा’ असा इशाराही देत राहते. स्लाइडवरच्या त्या गर्दीचा उलगडा अखेर झाला. शंभरातली एक पेशी बाकीच्यांना बोलावून घेते आणि त्यांच्या जिवावर राहते.

परळचे विकृतितज्ज्ञ याच काळात आपल्या देशातल्या गाठींची मोजदाद करत होते. २००० मध्ये टाटा रुग्णालयाचे के. एन. नरेश, व्ही. श्रीनिवास आणि सी. एस. सोमण यांनी २,७७३ लिम्फोमांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात सुमारे ७९ टक्के बी पेशींचे आणि १६ टक्के टी पेशींचे निघाले. ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ हा वेगानं वाढणारा प्रकार एकटाच एकतृतीयांश होता. भारतातल्या हॉजकिन रुग्णांच्या बहुसंख्य गाठींत एपस्टाइन-बार विषाणूच्या खुणा सापडतात, हेही परळच्या कामातून पुढे आलं. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरंच कमी आहे. खोट्या निरोपाची विषाणूची युक्ती आपल्याकडे जास्त चालते, असा त्याचा अर्थ.

डिवचणं थांबवलं तर

निरोपामुळे गाठ वाढते हे खरं असेल, तर निरोपाचं कारण काढून घेतल्यावर ती बसायला हवी. या तर्काची सर्वांत स्वच्छ परीक्षा लंडनच्या संशोधकांनी घेतली, तीही साध्या औषधांनी.

जठराच्या अस्तरात होणारा बी पेशींचा एक संथ लिम्फोमा पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी १९८३ मध्ये ओळखला होता. निरोगी जठरात लसिकापेशींचे पुंजके नसतातच. मग लिम्फोमा आला कुठून? त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला होता. या शोधासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये आयझॅकसन यांच्या गटाला दिसलं की या लिम्फोमाच्या बहुतेक सर्व रुग्णांच्या जठरात तो जंतू आहे. जंतूला ओळखणाऱ्या टी पेशी तिथे ठाण मांडतात आणि त्यांच्या निरोपांवर शेजारची बी पेशी वाढत राहते.

१९९३ मध्ये अँड्र्यू वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांनी अशा सहा रुग्णांना जंतू मारणारी प्रतिजैविकं दिली. केमो नाही, शस्त्रक्रिया नाही. सहापैकी पाच जणांचा लिम्फोमा मावळला. ‘लॅन्सेट’मधल्या या छोट्याशा निबंधानं कर्करोगाच्या डॉक्टरांना हादरा दिला. पेशीला हात न लावता तिच्या कानावर पडणारा निरोप बंद केला आणि कर्करोग गेला. हे प्रत्येक लिम्फोमात चालत नाही. रोग पुढे सरकला, पेशीच्या जनुकांत पक्के बिघाड झाले, की तिला बाहेरच्या निरोपाची गरज उरत नाही.

असे बिघाड २००० पासून एकेक करून उजेडात आले. त्या वर्षी अमेरिकेतल्या ॲश अलिझादेह, पॅट्रिक ब्राऊन आणि लुई श्टाउट यांच्या गटानं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा एकच रोग नसल्याचं जनुकांच्या हालचालींवरून दाखवलं. त्यातल्या वाईट उपप्रकारात पेशीच्या आतली एनएफ-कप्पा-बी नावाची कळ कायम दाबलेली असते. २०११ मध्ये श्टाउट यांच्या गटाला या उपप्रकारातल्या २९ टक्के गाठींत एमवायडी८८ या एकाच प्रथिनातला एकच बदल सापडला. हे प्रथिन म्हणजे ‘जंतू आला’ अशी वर्दी आत पोहोचवणारा दुवा. बदललेला दुवा जंतू नसतानाही वर्दी देत राहतो. त्यातून पेशी इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१० सोडते, ते तिच्याच पृष्ठभागावर येऊन बसतात आणि वाढीची दुसरी कळ दाबतात.

परळ ते खारघर

या सगळ्या काळात परळला रुग्णांची रांग वाढतच होती. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आलं आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते चाकांच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरत. अमेरिकेतल्या इयन मॅग्राथ यांच्या साथीनं त्यांनी मुलांच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी भारतीय परिस्थितीला झेपेल अशा केमोच्या पद्धती बसवल्या, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीत त्या रुळल्या.

कोकणातून इथवर पोहोचणं हाच एक उपचार होता. आधी बोट, मग घाटरस्त्याची एसटी, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे. मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं अशा असंख्य घरांना आसरा दिला. ज्यांना मुंबई झेपत नाही ते आजही गोव्याच्या बांबोळीची वाट धरतात. केमोची एक फेरी झाली की गावी, एकवीस दिवसांनी पुन्हा मुंबई, असं सहा-सहा महिने चालतं.

केमो वाढणाऱ्या पेशी सरसकट मारते. नेमक्या पेशीला गाठणारं औषध यायला १९९७ साल उजाडलं. बी पेशीवरची खूण ओळखून तिला धरणारं रिटुक्सिमॅब त्या वर्षी अमेरिकेत आलं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याचा भारतीय पर्याय काढला. बी पेशीतला निरोप अडवणारं इब्रुटिनिब २०१३ मध्ये आलं. ‘थांबा’ हा इशारा अडवणारं निव्होलुमॅब २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बाकी उपचार हरलेल्या हॉजकिनच्या २३ पैकी २० रुग्णांना लागू पडलं.

त्यानंतरचा टप्पा मुंबईत घडला, पण त्याची पार्श्वभूमी अमेरिकेतली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना कर्करोगाची बी पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या, या कार-टी उपचाराचा अमेरिकेतला पहिला गाजलेला बालरुग्ण म्हणजे एमिली व्हाइटहेड. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात उपचारानंतर सहा वर्षांची ही मुलगी तापानं फणफणली आणि व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्यूकिन-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. उपचाराचे एक जनक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली वाचली. हे औषध किशिमोतो यांच्या संशोधनातून आलेलं. २००५ मध्ये जपाननं त्याला सर्वप्रथम मान्यता दिली ती संधिवातासाठी नव्हे, तर कॅसलमन या लसिकाग्रंथींच्या आजारासाठी. गाठीतून पाझरणारा निरोप शोधायला निघालेलं संशोधन असं वळसा घेऊन कर्करोगाच्या उपचाराचं कवच बनलं.

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक राहुल पुरवार, त्यांच्यासोबतचे अल्का द्विवेदी आणि अथर्व कारुळकर यांच्यासारखे तरुण संशोधक, आणि टाटाचे डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांनी हाच उपचार इथे घडवायचं ठरवलं. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या.

प्रक्रिया अशी. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यातल्या टी पेशींत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्यानं नवं जनुक घालतात. मग पिशवीत इंटरल्यूकिन मिसळून त्या कोट्यवधींनी वाढवतात. लिम्फोमा जे निरोप चोरून वाढतो, तेच निरोप इथे मोजून मापून त्याच्या शत्रूला पाजले जातात. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत जातात आणि डॉक्टर ताप चढण्याची वाट पाहतात, टोसिलिझुमॅब हाताशी ठेवून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार१९’ या नावानं या उपचाराला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षांनुसार, इतर उपचार थकलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये रोग मागे हटला. काहींना तीव्र त्रासही झाला. निरोपांशी खेळ हा विस्तवाशी खेळ आहे, हे या उपचारातही सुटलेलं नाही.

हिशेब

या दीर्घ प्रवासाची फळं आज उघड दिसतात. लिम्फोमाचं निदान म्हणजे मृत्यूची चिठ्ठी, असं आता उरलेलं नाही. हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण वेळेत आले तर बरे होतात. जठराचा एक लिम्फोमा गोळ्यांनी जातो.

पण निरोप तोडले की काम फत्ते, असंही नाही. पेशीला एक वाट बंद केली की ती दुसरी शोधते. इब्रुटिनिब नेहमीच्या केमोला जोडलं तर डिफ्यूज लार्ज बी-सेलच्या रुग्णांना फायदा होईल, ही अपेक्षा २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत एकंदर गटापुरती फोल ठरली. शिवाय हे निरोप कर्करोगाची मिरास नव्हेत. निरोगी शरीर त्यांच्यावरच जंतूंशी लढतं. सरसकट अडवले तर रुग्ण कर्करोगातून वाचून साध्या संसर्गानं जाईल. म्हणून कोणत्या रुग्णात कोणता निरोप गाठ पोसतोय, हे आधी ओळखावं लागतं, आणि त्यासाठी गाठीचा तुकडा चांगल्या प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचावा लागतो.

सिंधुदुर्गासाठी खरी अडचण इथेच आहे. नेक्सकार१९ परदेशी उपचारापेक्षा कितीतरी स्वस्त असला तरी त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो, आणि राज्याच्या जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं आहे. त्याहून स्वस्त आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. मानेतली गाठ क्षयाच्या औषधांनी बसत नसेल तर आणखी सहा महिने वाट न पाहता तिची बायोप्सी करणं. गंडमाळ आणि लिम्फोमा यांतला फरक डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये स्लाइडवर दाखवला होता. मुंबईत टी पेशींना नवं काम शिकवता येऊ लागलं आहे. तो जुना फरक तालुक्याच्या दवाखान्यात वेळेत ओळखला गेला, तरच मालवणच्या रुग्णाला या शंभराहून अधिक वर्षांच्या शोधांचा उपयोग होईल.